दार वाजवून आत येणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरमधल्या एका दुकानात त्यांच्यासाठी मऊ दातांचा कंगवा निवडत होते. त्या दिवशीच्या माझ्या यादीतलं ते शेवटचं काम. आयसीयूत त्यांच्या केसांचा पार गुंता झाला होता आणि तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, कंगवा आणा, मी हळूहळू सोडवते. फोन ठेवला आणि तरीही मी कंगव्याचे पैसे दिले, तो पिशवीत टाकला, रिक्षा केली. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं मला जमत नाही. त्या माझ्या मोठ्या नणंदबाई. नाशिकच्या एका कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्तीनंतर आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आल्या. आता दीड महिना होऊन गेला. आदल्या संध्याकाळची भेट मात्र अजून जशीच्या तशी समोर आहे. आयसीयूतल्या त्यांच्या खोलीच्या काचेच्या दारावर मी बोटांनी हलकेच टकटक केली आणि म्हटलं, "ताई, मी वैशाली. आत येते." नळ्या तपासणाऱ्या सिस्टर चमकून बघायला लागल्या. "मॅडम, त्या शुद्धीवर नाहीयेत. डायरेक्ट या ना." मी नुसती हसले. दार वाजवायची सवय ताईंनीच आम्हाला लावली होती. पण ते तिथे उभ्या उभ्या कसं सांगणार?

चार वर्षांपूर्वी माझे यजमान अविनाश आमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणी चालू असतानाच खाली कोसळले. मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालं, जीव वाचला, श्वास आपला आपण चालू राहिला. पण माणूस परत आला नाही. डोळे उघडायचे, मिटायचे. नजर कुठेच थांबायची नाही. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. चांगले होते डॉक्टर, उगाच आशा लावणारे नव्हते. म्हणाले, फिजिओथेरपी चालू ठेवू, दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर काहीच प्रतिसाद दिसला नाही तर व्यायामाचा एवढा मारा करण्यात अर्थ नाही, मग फक्त नीट सांभाळायचं. मी द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसचं काम बघते, त्यामुळे माझं डोकं यादीतच चालतं. खालच्या खोलीत पलंग, हवेची गादी, कूस बदलायच्या वेळा, औषधं, नळीतून द्यायचं जेवण, सगळ्याचं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं. त्यात कशाचीही कमतरता नव्हती. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो आत आहे की नाही, ते मला कळत नव्हतं.

त्याच सुमारास चुलत दीर बाळासाहेब दिंडोरीहून भेटायला आले. पलंगाशेजारीच खुर्ची ओढून म्हणाले, "वैनी, बाग आता कराराने देऊन टाका. याचं काय, हा तर असाच…" ताई दारात उभ्या होत्या. "बाळासाहेब, बाहेर या." ते बाहेर गेले. "आता परत आत जा. दार वाजवून. नाव सांगा, थोडं थांबा, मग आत. आणि जे त्याच्या तोंडावर बोलता येणार नाही, ते या खोलीत बोलायचं नाही." बाळासाहेब माझ्याकडे बघायला लागले. "ताई, पण त्याला कुठे काय समजतंय?" ताई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे? मला तर माहीत नाही." बिचाऱ्यांनी खरंच दार वाजवलं, नाव सांगितलं आणि लगेच आत शिरले. ताईंनी त्यांना पुन्हा बाहेर काढलं. "लगेच घुसायचं असेल तर वाजवलं कशाला? तो ‘ये’ म्हणेल एवढी जागा ठेवा." तेव्हापासून तो घरचा नियम झाला. दूधवाल्यापासून फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीपर्यंत सगळे टकटक करून, नाव सांगून, क्षणभर थांबून आत यायला लागले. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटायचा, हे खरंच.

ताईंच्या डोक्यात हा विषय नवा नव्हता. माणसाची जाणीव मोजता येईल का, यावर जगभर चाललेलं काम त्या निवृत्तीनंतर वाचत बसायच्या. वरच्या खोलीतला पांढरा फळा आकड्यांनी आणि बाणांनी भरलेला. मी चेष्टा करायचे, "ताई, आधी सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय ते मोजा, मग जाणीव." त्या हसायच्या आणि खरोखर जाऊन सिलिंडर हलवून बघायच्या. अविनाश घरी आल्यानंतर मात्र मी एका रविवारी सरळ विचारलं, तुमचं गणित याबद्दल काय म्हणतं ते मला समजेल असं सांगा. मिसळीचं पार्सल आलं होतं, मी पिशव्या सोडत होते. ताई म्हणाल्या, "हे बघ. फरसाण एका पिशवीत, रस्सा दुसऱ्या, मटकी तिसऱ्या. ही मिसळ झाली का?" नाही. "आणि सगळं मिक्सरमध्ये घालून लगदा केला तर?" आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं काय बोलते ही, अन्नाची माती!" ताई म्हणाल्या, "तेच. सुट्टं सुट्टं असून चालत नाही आणि एकसारखं होऊनही चालत नाही. भाग वेगळे राहायला हवेत आणि एकमेकांत मुरायलाही हवेत. जागेपणी मेंदू असा असतो. गाढ झोपेत किंवा भुलीत ते बिघडतं. काही ठिकाणी डोक्यावर बाहेरून चुंबकाचा एक हलका ठोका देतात आणि त्याचा पडसाद मेंदूत कसा फिरतो ते बघतात. तो जागच्या जागी विरला, किंवा सगळीकडे एकसारखाच उमटला, तर आत बहुधा झोप. लांबवर गेला आणि जागोजागी वेगळा उमटला, तर आत बहुधा कुणीतरी आहे. किती वेगळा, याचा आकडा काढता येतो." म्हणजे तो आकडा हीच जाणीव का, मी विचारलं. "काही जण तसं मानतात. काही म्हणतात, आकडा हा नुसता थर्मामीटर आहे, ताप नव्हे. मला माहीत नाही. पण ताप म्हणजे काय ते कळेपर्यंत थर्मामीटर लावायचाच नाही, असं थोडंच आहे?"

ते यंत्र आमच्या आवाक्यात नव्हतं. अविनाशला तेवढ्या लांब नेणंही शक्य नव्हतं. पण मला दिसलं होतं की मी "अवी, अंगठा हलव" म्हटलं की त्यांचा उजवा अंगठा हलतो. मी ताईंना ओढतच खाली आणलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "नीट विचारू या." डब्यातून एक चिंचोका काढला, फरशीवर घासून एका बाजूने पांढरा केला, सारीपाटासाठी करतात तसा. पांढरी बाजू पडली तर मी म्हणायचं "हलव". काळी पडली तर "स्वस्थ पड". आई समोर बसणार, कानात मोबाइलवरचं भजन मोठ्याने लावून, म्हणजे मी काय म्हटलं ते त्यांना कळू नये. आणि अंगठा हलला असं वाटलं की हात वर करणार. दोनदा तर आई भजनात रंगून टाळ्याच वाजवायला लागल्या आणि पुन्हा सुरुवात करावी लागली. पण निकाल बघून माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर! मी बहिणीला फोन केला, शिऱ्याला रवा भाजायला घेतला. ताई मात्र पलंगापाशीच उभ्या. मग स्वयंपाकघरात आल्या. "वैशाली, तू ‘हलव’ म्हणताना पुढे वाकतेस. आई ते बघतात. त्यांना कळतही नसेल, पण त्या अंगठा नाही, तुला वाचतायत."

माझ्या आणि आईंच्या मध्ये चादर टांगून पुन्हा केलं. सगळं विस्कटलं. अंगठा "स्वस्थ पड" म्हटल्यावरही तेवढाच हलत होता. आई कडाडल्या, "कुंदे, माझ्या लेकाचा हात हालला तर तुला का लय त्रास होतो गं?" ताई एवढंच म्हणाल्या, "आई, माझाही तो भाऊच आहे." रवा तसाच कढईत राहिला. पुढचे काही दिवस मी ताईंशी कामापुरतंच बोलत होते.

मग एका दुपारी माझ्या खोलीचं दार वाजलं. "मी कुंदा. येऊ का?" आणि त्या थांबल्या. मी बराच वेळ उत्तर दिलं नाही. त्या तिथेच उभ्या होत्या, आत आल्या नाहीत, परतही गेल्या नाहीत. शेवटी मी "या" म्हटलं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "अवी आत नाही, असं मी म्हटलेलं नाही. उत्तर येत नाही, त्याची कारणं दोन असू शकतात. आत कुणी नाही. किंवा आत आहे, पण हातापर्यंतची वाट तुटलीय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आपली चाचणी चुकली, एवढंच ठरलं. दुसरी वाट शोधू." आणि पदराआडून त्यांनी अविनाशचा दाढीचा आरसा काढला. जिथे हात चालत नाही तिथेही कधी कधी डोळे स्वतःच्या चेहऱ्यामागे जातात, हे त्यांनी वाचलं होतं आणि डॉक्टरांना विचारूनही घेतलं होतं.

या वेळी तयारी मी केली. पॅकिंग हाऊसमधून द्राक्षांचं पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि त्याला एवढीच खिडकी कापली की पलीकडे बसलेल्या आईंना फक्त लेकाचे डोळे दिसावेत. आरसा नाही, माझा हात नाही, माझा चेहरा तर नाहीच. मी सुचवलं होतं की मोबाइलवर शूटिंगच करू. ताई म्हणाल्या, "नको. आपण मागे नेऊन नेऊन हवं ते दिसेपर्यंत बघत बसू." चिंचोका पांढरा पडला की आरसा हळूहळू डावीकडे, काळा पडला की उजवीकडे. आई हात करून दाखवायच्या, डोळे कुठे गेले ते. सकाळी त्यांचं अंग पुसून झालं की ते जरा ताजेतवाने असायचे, म्हणून तीच वेळ. बरेच दिवस केलं. मी निकाल बघायचा नाही, असं मलाच ताईंनी बजावलं होतं. एका सकाळी त्यांनी वरच्या फळ्यावर हिशेब मांडला, पुसला, पुन्हा मांडला. चष्मा काढला. "नुसत्या योगायोगाने असं होणं फार अवघड आहे," त्या म्हणाल्या. "डोळे आरशामागे जातायत, एवढंच म्हणता येतं. त्याला काय वाटतं, किती वाटतं, ते नाही. पण… डॉक्टरांना फोन लाव."

डॉक्टर घरी आले, आमच्या खोक्याकडे बघून आधी हसले आणि मग स्वतः आरसा घेऊन बसले. फिजिओथेरपी थांबली नाही, उलट वाढली. पुढचं सगळं फार हळू झालं. आधी नजर, मग मान, मग एक दिवस ओठांतून अर्धवट "आ…" आणि आईंचं ओक्साबोक्शी रडणं. आज अविनाश काठी घेऊन चालतात, उजवा हात अर्धाच मिटतो, बोलताना शब्दासाठी थांबावं लागतं. पण बागेच्या छाटणीत काय चुकलं ते बाळासाहेबांना फोनवर बरोबर सुनावतात.

बोलता यायला लागल्यावर त्यांनी ताईंना एकदा विचारलं होतं. मी चहा घेऊन उभी होते. "ताई, मला त्या दिवसांतलं काहीच… आठवत नाही गं. आरसा नाही, तुम्ही नाही. मी खरंच होतो का तिथे?" ताईंनी शांतपणे विचारलं, "गेल्या सोमवारी जेवताना पहिला घास कसा लागला होता?" ते विचार करत बसले. "नाही आठवत." "मग जेवला नव्हतास?" अविनाश एका बाजूने वाकडं, आता आमच्या सवयीचं झालेलं हसू हसले. "प्रोफेसरीणबाई," म्हणाले. त्या दिवशी ताईंना जिंकल्यासारखं बोलता आलं असतं. त्या तसं बोलल्या नाहीत. मला सगळ्यात जास्त कृतज्ञता वाटते ती याची. आमच्या घरात त्या एकट्याच होत्या ज्यांनी आम्हाला खोटी आशा दिली नाही आणि खरी सोडूही दिली नाही.

यंदा त्यांना फुप्फुसाचा संसर्ग झाला आणि तो आवरला नाही. व्हेंटिलेटरवर भूल देऊन ठेवलं होतं. त्या शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्या कानाशी घरचं सगळं क्रमाने सांगितलं: आईंचा खोकला कमी आहे, बागेची छाटणी उरकली, अविनाश आज काठी न घेता अंगणापर्यंत गेले, तुमचा फळा कुणी पुसलेला नाही. केसांवरून हात फिरवला, गुंत्यात बोटं अडकली. उद्या कंगवा आणते, म्हटलं. उत्तर आलं नाही. त्याचा अर्थ मी लावला नाही.

‘वरची खोली आवरणे’ हे काम त्यानंतर माझ्या यादीत दर आठवड्याला पुढे ढकललं जात होतं. असं माझ्याकडून सहसा होत नाही. गेल्या रविवारी अविनाशच म्हणाले, "चल, मीही येतो." ते पुढे, कठडा धरून एकेक पायरी, मी मागे, रिकामी खोकी आणि कंगवा घेऊन. खाली कुकर लावलेला होता, शिट्टी व्हायच्या आत परत यायचं मी ठरवलं होतं. दारापाशी पोचल्यावर त्यांनी श्वास घेतला, काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हाताने दार वाजवलं. "ताई, मी अवी." थोडं थांबून, शब्द गोळा करून, "वैशालीपण आहे."

खाली कुकरची शिट्टी झाली. मी "चल" म्हटलं नाही. ते जितका वेळ थांबले, तितका वेळ मीही खोकी धरून थांबले. मग त्यांनी कडी काढली.