वरच्या मजल्यावरचा आयरिश मठ

सिंगापुरात दहा वर्षं राहून सिंगापूरबद्दल एक अक्षर न बोलणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. माझी बायको त्यांना 'मठवाले' म्हणते. कंपनीने या गृहस्थांना एकदा दोन महिने आयर्लंडला धाडलं. तिथे त्यांनी फ्रान्सिस्कन संन्याशांचा एक पडका मठ पाहिला, आणि तेव्हापासून हवापाण्याच्या गप्पासुद्धा तिसऱ्या वाक्याला त्या मठात जाऊन पोचतात.

आम्ही दोघं जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात एकाच कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे मला सुटका नाही. मी बढतीची बातमी सांगितली, तर म्हणाले, "वा! मठाला जमीन देणारा सरदारसुद्धा असाच अचानक वर आला होता." झालं माझं अभिनंदन! हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो, की हे चॉपस्टिक उभ्या धरून अनोळखी चिनी आजोबांना मठाच्या मनोऱ्याची उंची समजावतात. खरं तर तो इतिहास दोन मिनिटांचा. सरदाराने मठ बांधला, संन्याशांनी भिक्षा मागून चालवला, इंग्लंडच्या राजाने बंद पाडला, छपरावरचं शिसंही उतरवून नेलं. मठवाले यावर दीड तास काढतात. माझी लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत तोंडावर म्हणते, "काका, स्टार्टिंग अगेन ला!" यांना ते कौतुक वाटतं. एका वर्षी गणपतीची आरास यांच्याकडे दिली, तर बाप्पा बिनछपराच्या थर्माकोलच्या भिंतींत बसले. पुढच्या वर्षी यांना फक्त सतरंज्या उचलायला दिल्या.

गेल्या महिन्यात माझे वडील पुण्यात अचानक गेले. विमान संध्याकाळचं होतं, आणि तिकडे दुपारीच सगळं उरकणार होतं. मठवाले खाली आले, शेजारी बसले. आता हा माणूस मठ काढणार, असं मी मनात म्हटलं. त्यांनी काढलाच.

"माझे बाबा गेले तेव्हा मी आयर्लंडला होतो. मलाही पोचता आलं नाही," ते म्हणाले. "फोन आला तो त्या मठातच. मठ पडला, तरी गावातले लोक अजून आपली माणसं तिथेच पुरतात. एक म्हातारी थडग्यावरचं गवत काढत होती. माझं तोंड बघून तिने काही विचारलं नाही, दुसरं खुरपं दिलं. मी पलीकडचं थडगं साफ करत बसलो."

"कुणाचं होतं?"

"नाव पुसलं होतं हो. तासभर बसलो. कुणाचं तरी करता आलं."

विमानाला अजून चार तास होते. ते उठले नाहीत, आणि मीही त्यांना जा म्हटलं नाही.