मामांचं तलावातलं दीड एकर

सरकारी कागदावर माझ्या बायकोच्या मामांचा जितका विश्वास आहे, तितका खुद्द सरकारचाही नसावा. छापलेलं असो, शिक्का मारलेलं असो, नाहीतर नुसतं पाटीवर रंगवलेलं; ते खरं, आणि त्याच्याशी जुळत नसेल ते जग चुकलेलं, असा त्यांचा सरळ कारभार. भिलाईच्या प्लांटमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं क्रेन चालवली. खाली रसरशीत लोखंड आणि वर केबिनमध्ये एकटे मामा. तिथे नियम मोडणं म्हणजे काय, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. पण नोकरी संपली तरी मामांच्या अंगातला प्लांट काही संपला नाही. हुडको वसाहतीच्या चौकात भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, लाल दिव्यापुढे स्कूटर बंद करून उभा असलेला म्हातारा दिसला तर ते मामाच. अंगणातल्या पेरूवर चढतानाही ते हेल्मेट घालत. मुलीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या भिंतीवर ‘कृपया शांति बनाए रखें’ अशी पाटी होती. नर्स बाहेर येऊन म्हणाली, नातू झाला. मामांनी अवाक्षर न काढता हात जोडले आणि मान खाली घातली. तिला वाटलं, आजोबांना नात हवी होती. ती बिचारी बराच वेळ समजूत घालत राहिली आणि मामा पाटीकडे बोट दाखवत राहिले.

रिटायर झाल्यावर त्यांनी भिलाईजवळ उतईच्या पुढच्या एका गावात दीड एकर धानाचं शेत घेतलं. एका बाजूला गावचा तलाव, दुसऱ्या बाजूला बिसाहूचं शेत. बिसाहू मामांच्याच वयाचा, तिथलाच पिढीजात शेतकरी. तो छत्तीसगढीत बोलायचा, मामा नागपुरी वळणाच्या हिंदीत, आणि दोघांचं छान जमायचं. पहिल्या वर्षी मामा भाताच्या रोवणीच्या चिखलात प्लांटचे सेफ्टी शूज घालून उतरले. बिसाहूने आधी मामांना बाहेर ओढलं, मग कोपरापर्यंत हात घालून एकेक बूट. शेती त्यांना त्यानेच शिकवली. शिष्यही असा, की बिसाहू म्हणाला, “आज खातू डार दे,” म्हणजे खत टाक, की मामा विचारत, “कितने बजे?”

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर मोबाइलवरून पिकांची पाहणी सुरू झाली. पटवाऱ्याने, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याने, शेतात उभं राहायचं, फोनमध्ये पिकाचा फोटो काढायचा, मग ते पीक सरकारात नोंदलं जाणार. नोंद नसेल तर सोसायटी सरकारी भावाने धान घेत नाही. त्या दिवशी मीही मामांबरोबर गेलो होतो. पटवारी भला माणूस होता, पण उन्हाने आणि गावागावांच्या तक्रारींनी करपलेला. तो मामांच्या शेताच्या मधोमध उभा राहिला. फोन म्हणाला, तुम्ही या शेतात नाही. पटवारी चार पावलं सरकला. फोन म्हणाला, अजून नाही. तो फोन पुढे धरून चालू लागला, मागे मामा, मामांच्या मागे मी. अशी आमची वरात धान तुडवत, धुरा म्हणजे शेताचा बांध ओलांडून, तलावाच्या काठाला आली. पटवाऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरला, आणि तिथे कुठे फोनचं समाधान झालं.

“ये है आपका खेत,” तो पाण्यातून म्हणाला.

“और वो?” मामांनी मागच्या हिरव्या धानाकडे बोट केलं.

“वो इसमें बिसाहू का बता रहा है. पूरा नक्शा सरका हुआ है, दादा. दुरुस्ती का आवेदन दे दीजिए.” एवढं बोलून त्याने पाण्याचाच फोटो काढला. दुसरा कुठला फोटो त्या फोनला चालत नव्हता.

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर भांडला असता. मामांनी पटवाऱ्याला नमस्कार केला. परत येताना ते स्कूटर चालवता चालवता म्हणाले, “जावईबापू, नकाशा असा कावून सरकन? माणूस सरकते. मले तर वाटून राहिलं, आपणच इतके वर्षं दुसऱ्याच्या वावरात होतो.”

मी म्हणालो, “मामा, मग बिसाहू काय इतकी वर्षं तिसऱ्याच कुणाच्या शेतात होता?”

“तोही चुकला असन. त्याले कोणी सांगितलं नसन.”

दुसऱ्या दिवशी ते बिसाहूकडे गेले आणि इतकी वर्षं त्याचं शेत वाहिल्याबद्दल माफी मागून आले. बिसाहूला आधी वाटलं, बाबूला, म्हणजे मामांना, ऊन लागलं. त्याने पाणी प्यायला दिलं. मग सगळं ऐकून म्हणाला, “तोर खेत तरिया म कइसे जाही, बाबू? खेत के गोड़ हे का?” तुझं शेत तलावात कसं जाईल, शेताला पाय आहेत का? मामांना हे पटलंही आणि नाहीही. त्यांचा खरा घोळ इथे होता. डोळ्यांना शेत दिसत होतं, कागदाला तलाव दिसत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा या दोहोंतलं कुठलंतरी एक त्यांना निवडायचं होतं. त्यांनी निवडलंच नाही. अर्ज लिहिला, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत शेतात पाय ठेवायचं बंद केलं. रोज येत, धुऱ्यावर उभे राहत, आणि पलीकडे हाक मारत, “बिसाहू, पानी खोलूं क्या?” बिसाहू कपाळावर हात मारून स्वतःच येऊन पाणी सोडून जाई.

अर्जाचं उत्तर आलं ते नोटिशीच्या रूपाने. तलाव शासकीय आहे, त्यात तुमची खाजगी जमीन कशी, खुलासा करा. मामींनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, “आता हे काय नवीन? तुमीच म्हणता तलावात नाही, तेच विचारून राहिले, तलावात कावून?” मामांनी रात्रभर विचार करून खुलासा लिहिला: ‘मी तलावात शेती करीत नाही. मला पोहता येत नाही.’ यात विनोद असू शकतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. तहसील ऑफिसातल्या कारकुनाने तो वाचला, हसू दाबलं, आणि सांगितलं, जमीन मोजावी लागेल, मोजणीचा नंबर लागेल तेव्हा लागेल.

इकडे धान पिकलं. पिकून वाकलं. मग दाणे झडायला लागले. मामी म्हणाल्या, “कापून तर घ्या, मंग पाहू.” मी म्हणालो, बायको म्हणाली. मामांचं एकच, “कागदावर माझं नाही ते मी कापलं तर त्याले काय म्हणते लोकं?” पण हे बोलताना ते आमच्याकडे बघत नव्हते. त्या आठवड्यात ते नीट जेवलेही नाहीत. सकाळी जाऊन धुऱ्यावर बसत आणि झडलेला एखादा दाणा उचलून, तो कुणाचा हे न कळल्यासारखा परत ठेवत.

एका सकाळी आम्ही पोचलो तर शेतात सात-आठ विळे चालले होते. बिसाहू, त्याची बायको, सुना, झाडून सारं घर. मामा धुऱ्यावरून ओरडले, “अरे, क्या कर रहे हो?”

बिसाहू सरळ उभा राहिला. “कागज म ए खेत मोर ए न, बाबू?”

“हां. अभी तो तुम्हाराच है.”

“त मोर धान ला मैं लुवत हँव. तैं काबर चिल्लात हस?” माझं धान मी कापतोय, तू कशाला ओरडतोस?

कागदाला कागदानेच उत्तर मिळालं होतं. संध्याकाळी बिसाहूने सगळे भारे बैलगाडीत घातले आणि मामांच्या खळ्यात आणून टाकले. मामा म्हणाले, “ये तो तेरा है.” बिसाहू म्हणाला, “मोर घर म जगा नइ ए,” माझ्या घरात जागा नाही, आणि गाडी वळवून निघून गेला. मामा त्या भाऱ्यांपाशी उभे राहिले. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

सोसायटीने ते धान घेतलं नाहीच. नोंदीत पाणीच होतं. त्या वर्षी आम्ही सगळ्या नातेवाइकांनी मामांच्या शेतातला भात खाल्ला. मामा मात्र प्रत्येक घरी पोतं देताना सांगत, हा बिसाहूचा आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मोजणी झाली. साखळी टाकली, खुणा शोधल्या, नकाशा दुरुस्त झाला आणि शिक्क्याचा कागद आला: जमीन जिथे होती तिथेच आहे. मामा तो घेऊन तडक शेतावर गेले, मी सोबत होतो. बिसाहूला त्यांनी पूर्ण वाचून दाखवला. “बने होगे,” तो म्हणाला, बरं झालं, आणि आपल्या बैलांकडे गेला. मला वाटलं, मामा आता खुशीत असतील. ते धुऱ्यावर बसून राहिले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “जमीन हालली नव्हती म्हणते.”

“नव्हतीच, मामा.”

“मंग इतके महिने मी कुठं उभा होतो?”

समोर कापणीनंतरची रिकामी जमीन होती, मामांची, आता डोळ्यांना आणि कागदाला, दोन्हीकडून मामांची. ते उठले, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि परत निघाले. शेत मोकळं होतं, सरळ आडवं चालत गेलं असतं तरी चाललं असतं. पण मामा धुऱ्याधुऱ्यानेच गेले, लांबचा फेरा घेऊन, पाय जपून टाकत. मीही त्यांच्या मागून तसाच गेलो.