केलं कोणी?

"डबा छान दिसतोय. केला कोणी?"

बाईंची आणि माझी ओळख या प्रश्नाने झाली. मी म्हणालो, "घरून आलाय."

"घर स्वयंपाक करतं का हो, भाऊ?" एवढं म्हणून त्या पुढे निघून गेल्या. त्या दिवशी भेंडीची भाजी मला काही नीट लागली नाही.

मी कर्जतजवळच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. बाई आमच्याकडे स्त्री अभ्यास केंद्र चालवायच्या. केंद्र म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं आणि पायाने ढकलल्याशिवाय दार न लागणारं कपाट. बाई तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक झाली तर होत्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, जी खोलीत आली की माणसं आपापला कप उचलून विसळायला लागतात. बाई तशा होत्या.

कॉलेजच्या तपासणीला समिती येणार म्हणून केंद्राची उद्दिष्टं मी टाईप करून दिली होती. लिंगभावाची जाणीव निर्माण करणे, स्त्रियांच्या श्रमांची नोंद घेणे, अशी पाच. बाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "चांगली आहेत, पण पचायला जड आहेत. सहावं घाला. केलं कोणी, हे विचारायला शिकणे."

"समितीपुढे हे बरं दिसणार नाही."

"मग समितीला पाचच दाखवा." आणि सहावं त्यांनी फाईलमधल्या प्रतीवर स्वतः पेन्सिलने लिहिलं.

दरवर्षी त्या मुलामुलींना एकच काम द्यायच्या. आईचा एक दिवस, तासातासाने, कार्डावर लिहून आणायचा. एका पोराने तीन ओळी आणल्या, तर त्याला म्हणाल्या, "तीन तास झाले. बाकीचे एकवीस तास आई कुठे गेली होती?" बिचारा आठवड्याने कार्डाच्या दोन्ही बाजू भरून घेऊन आला. मलाही एक कार्ड दिलं होतं, बायकोसाठी. मी सकाळी सातपासून लिहायला लागलो, कारण मी सातला उठतो. त्याआधीच्या चौकटी कशाने भरायच्या ते मला ठाऊकच नव्हतं. ते कार्ड मी बाईंना कधी परत दिलं नाही.

मार्चमध्ये ही कार्डं व्हरांड्यात लागत, बिननावाची. एका वर्षी बाई म्हणाल्या, "राबणारीचं नाव नाही, लिहिणारीचंही नाही. मग आपण वेगळं काय केलं?" मी नावं छापली. मुलीचं आणि तिच्या आईचं, दोन्ही, चांगल्या ठळक अक्षरात.

त्यात कशेळे गावाच्या पलीकडून येणाऱ्या, दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचं कार्ड होतं. तिचे वडील प्रवाशांची जीप चालवतात. त्या बाजूच्या निम्म्या मुली त्यांच्याच जीपने येतात, आणि कॉलेजात काही असलं की ते वर येऊन बघून जातात. हे मला माहीत होतं. कार्डही मी वाचलं होतं. हे नावानिशी लावू नका, असं बाईंना सांगावंसं वाटलं, पण त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की मला त्यांचा आनंद मोडवला नाही.

ते आले. भिंतीवरून बोट फिरवत त्यांनी लेकीचं नाव शोधलं, हसले आणि चष्मा लावून वाचू लागले. रात्री नऊच्या चौकटीत लिहिलं होतं, 'बाबा ताट ढकलून देतात. आई दुसरं वाढते.' त्यांच्या मागे उभे असलेले दोघेजणही तेच वाचत होते. त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जीप आली, पण त्यात ती मुलगी नव्हती. बाई जीपच्या दाराशी गेल्या. तिचे वडील आवाज न चढवता म्हणाले, "बाई, माजी पोरगी खोटं लिवत नाय. पन तुमी आमचं ताट नेऊन भिंतीला टांगलंत. आता नाय येनार ती."

बाई ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या. "भाऊ, हे केलं कोणी?"

मी समोरच्या पावत्या नीट लावायला लागलो.

"मी," त्यांनीच उत्तर दिलं. तेव्हा 'मी पण' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर दर शनिवारी बाई त्याच जीपने कशेळ्याला जायच्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. उतरताना एकदाच म्हणायच्या, "परीक्षेला तरी पाठवा." ते म्हणायचे, "बगू." पाठवलं नाही, पण बाईंना जीपमध्ये घेतलं नाही असंही कधी केलं नाही. एका शनिवारी त्या घरापर्यंत गेल्या. मुलीने पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, बाबांचं सोडा. आयच माज्याशी बोलत नाय. म्हंती, माजं नाव कशाला दिलंस गं?"

सोमवारी हे मला सांगताना बाईंचे डोळे भरून आले. "जिच्यासाठी हे सगळं मांडलं, तिलाच मी विचारलं नाही हो."

जूनमध्ये बाईंची नेमणूक झाली नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. खोलीची किल्ली त्या माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, तेव्हा मी जेवायला गेलो होतो.

समिती पुन्हा येणार म्हणून परवा मी ती फाईल काढली. पेन्सिलने लिहिलेल्या सहाव्या उद्दिष्टाखाली सातवं होतं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. 'लिहिण्याआधी तिला विचारणे.'

शनिवारी त्या मुलीसाठी पुनर्प्रवेशाचा फॉर्म घेऊन मी जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. कशेळे येईपर्यंत माझं धाडस झालं नाही. उतरताना फॉर्म पुढे केला आणि म्हणालो, "ती नावं मी छापली होती. बाईंच्या आधी ते कार्ड मी वाचलं होतं."

त्यांनी फॉर्म घेतला, घडी घातली आणि काचेपाशी ठेवला.

"बाई कुटं असतात आता?" त्यांनी विचारलं. "पोरीची आय इचारत होती."

मला ते माहीत नव्हतं.