लाभाचा वेढा

दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलाय: ‘वायंडिंग कारागीर पाहिजे. अनुभवी.’ उन्हानं शाई उडाली की मी नवा लिहिते. हा चौथा कागद. आळेफाट्याला येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी लोकांना तो दिसत असेल, पण अनुभवी म्हणावा असा एकही माणूस आता आत येत नाही. का येत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमचं दुकान जळालेल्या मोटरी भरायचं. विहिरीवरची मोटर जळली की तिच्यातली जळकी तार काढायची, नव्या तारेचे वेढे गुंडाळून वेटोळी करायची आणि ती मोटरीच्या खाचांत बसवायची. ऐकायला सोपं वाटतं. वेढे कमी पडले तर मोटर तापते आणि पुन्हा जळते, आणि तेवढ्यात शेतकऱ्याचं उभं पीक मान टाकतं. आमच्या ह्यांनी पंचवीस वर्षं हे काम केलं. मी गल्ल्यावर बसायचे, फोन घ्यायचे आणि उशीर झाला म्हणून कावलेल्या गिऱ्हाइकांशी भांडायचे. भांडायला मी बरी आहे असं हेच म्हणायचे.

वेढे गुंडाळायच्या मशीनला एक दांडा आहे. तो हातानं फिरवायचा, एक फेरा म्हणजे एक वेढा. मशीनवर आकडा दाखवणारा काटा होता, पण तो माझ्या लग्नाआधीच मोडलेला. दुरुस्त करून घ्या म्हटलं की हे म्हणायचे, “काटा खोटं बोलंल, तोंड न्हाई बोलायचं.” आणि तोंडानंच मोजायचे. पहिल्या वेढ्याला ‘लाभ’ म्हणायचे. तेवढा शब्द मोठ्यानं, बाकीचं सगळं ओठांतल्या ओठांत. मला त्यात काही नवल वाटलं नाही. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. माझं माहेर पेठ गावचं. तिथं वडील मापायचे ते मी लहानपणापासून ऐकलं होतं: लाभ, दोन, तीन. हे आणे पठारावरचे, तिकडंही तसंच असणार, असं मी धरून चालले.

कुठल्या मोटरीला किती वेढे आणि कितीची तार, हे त्यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत लिहून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून उठले, हात धुवायला गेले आणि नळापाशीच कोसळले. मागं राहिली ती वही, मशीन, आणि मशीनसमोरचं त्यांचं लाकडी स्टूल.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. दुपारी वर्दळ थांबली की मला मशीनच्या दिशेनं ऐकू यायचं: दांड्याची करकर आणि ‘लाभ’. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या वेळी मी मशीनकडं पाठ करून बसायचे नाही.

मग कारागीर शोधायला लागले. आयटीआय झालेला एक आला, त्यानं आधी वायफाय आहे का विचारलं. एकाची आईच आली. मुलाला तांब्याच्या तारेची ॲलर्जी आहे, पण बाकी काही असेल तर सांगा, म्हणाली. एकजण बोलायला एवढा गोड की मी त्याला ठेवून घेतला, तर तो दिवसभर मशीनपुढं बसून मोबाईलवर स्वतःचेच व्हिडिओ काढायचा. एक खरंच बरा होता, पण संध्याकाळी उसातून घरी जायचं म्हणून बिबट्याला भ्यायचा, चार वाजताच निघायचा. सगळ्या चांगल्या पोरांना चाकणला कंपनीत जायचं होतं. मी चिडायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं येईल त्याला ऐकवायचे.

आणि मग मिस्त्री आले. जुन्नरचे, चाळिशी ओलांडलेले. वडिलांचं कंदील-स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, त्यात हात बसलेला. आल्या आल्या पगाराचं विचारलं नाही. दारात पडलेली एक जळकी मोटर उघडली, वास घेतला आणि म्हणाले, “ही पान्यावाचून चालली वहिनी. तार चांगली व्हती.” मी त्याच दिवशी त्यांना स्टूल दिलं. देताना ते पदरानं पुसून दिलं.

दीड महिना सुरेख गेला. लहान मोटरींना एका वेटोळ्यात पुष्कळ वेढे असतात, एखादा इकडंतिकडं झाला तरी चालून जातं. वहीत बघून ते भरायचे, आणि मोटरी चालायच्या. गिऱ्हाईक सुखावलं, मीही. मग आळ्याच्या एका शेतकऱ्याची मोठी मोटर आली, दहा हॉर्सपॉवरची. टोमॅटो ऐन भरात आलेला आणि उन्हाळा तोंडावर. अशा मोठ्या मोटरीला वेढे मोजकेच असतात, त्यात एकाचाही फरक खपत नाही.

मिस्त्रींनी जुनं वेटोळं कापून काढलं. त्याच्या तारा, एका वेढ्याची एक, दोऱ्यानं बांधून माझ्यापुढं गल्ल्यावर ठेवल्या.

“वहिनी, वहीत चौदा हायती. ह्यात पंधरा निघाल्या. दोनदा मोजल्या.”

“वहीत काय लिहिलंय?”

“चौदाच लिहिलंय. पर ही मोटर भाऊंनीच भरलेली व्हती. गाठ त्यांचीच हाय.”

“मग चौदा भरा.”

“तुमी एकदा मोजा तर.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला! तारा समोर होत्या, बोट लावायचा अवकाश होता. मी लावलं नाही. म्हटलं, “पंचवीस वर्षं ज्यांनी मोजलं ते चुकले, आणि तुम्ही दीड महिन्यात शहाणे झालात होय?”

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. माणूस गेला होता, पण वही होती. वहीत चूक निघाली असती तर माझ्याजवळ त्यांचं बरोबर असं काय उरलं असतं? हे तेव्हा मला कळत नव्हतं. तेव्हा फक्त राग आला, आणि माझा राग नाकावरच असतो.

 मिस्त्री तारा उचलून मशीनकडं गेले आणि दांडा फिरायला लागला.

तिसऱ्या दिवशी तो शेतकरी जळालेली मोटर पिकअपमध्ये टाकून परत आला. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. तो ओरडत होता, त्याचं बरोबरच होतं, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. मी मिस्त्रींकडं बोट केलं. “ह्यांना मोजता येत नाही,” म्हटलं. “मोजता येणारा माणूस गेला, आता नशिबी हे असले आले.”

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. पक्कड जागेवर ठेवली, स्टूल मशीनखाली सरकवलं. ‘तुम्हीच चौदा भरायला सांगितलं’ असं एकदाही म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते की म्हणतील, म्हणजे मला आणखी भांडता येईल. त्यांनी चपला घातल्या आणि गेले. पुढं नारायणगाव, मंचरच्या दुकानदारांचे फोन आले, माणूस कसा आहे म्हणून. त्यांनाही मी तेच सांगितलं.

त्यानंतर कागदाकडं बघून आत येणं हळूहळू बंदच झालं. आमचं एक जुनं गिऱ्हाईक चहा पिता पिता म्हणालं, “तुमच्याकडं कोन येनार वहिनी? चार मानसांत मानसाची लाज काढता तुमी. समद्या फाट्याला म्हाईत हाय.” मी त्याच्यावरही डाफरले. घरी जाऊन रडले, पण ते कुणी पाहिलं नाही. लहानसहान कामं बाहेरून करून आणायची, मोठ्या मोटरी परत पाठवायच्या, असं चाललं. स्टूलवर कुणी बसलं नाही. दुपारची करकर आणि ‘लाभ’ चालूच राहिलं.

गेल्या माघात आण्याला, सासरी गेले होते. धाकट्या दिरांची ज्वारी निघाली होती. पूर्वी मापाजवळ बायकांनी थांबायचं नाही अशी रीत होती. आम्ही चुलीपाशी, पुरुष खळ्यावर. आता घरात माणसंच उरली नाहीत, म्हणून पोत्याचं तोंड धरायला मी बसले. दिरांनी राशीला हात जोडले, पायली भरली आणि ओतली. “लाभ.” दुसरी ओतली. “एक.” तिसरी ओतली. “दोन.”

“भावजी, चुकलं,” मी म्हटलं. “लाभानंतर दोन ना?”

ते हसले. “ते तुमच्या पेठला आसंल वहिनी. आमच्यात लाभ देवाचा. त्यो मोजात धरत न्हाईत. मंग एक.”

“हे पण असंच मोजायचे?”

“मंग! दादाच तर मोजायचा आदी. त्याच्याकडनंच शिकलो मी.”

पोत्याचं तोंड माझ्या हातातून सुटलं आणि ज्वारी खाली सांडली. दिरांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं, कपाळाला लावलं. माझ्या डोक्यात वही होती. वहीतला प्रत्येक आकडा एकानं कमी होता. चौदा म्हणजे लाभ आणि चौदा. ती वही दांडा फिरवणाऱ्या त्यांच्या हाताच्याच कामाची होती, आणि तो हात गेला होता.

आधी आळ्याच्या त्या शेतकऱ्याकडं गेले. सगळं सांगितलं, माफी मागितली. “वरातीमागून घोडं आनलंय काकू,” एवढंच तो म्हणाला. मग जुन्नरला गेले.

मिस्त्रींचं घर विचारत विचारत सापडलं. रविवार होता म्हणून ते घरी होते. चाकणला एका कंपनीत पॅकिंगला लागले होते. पहाटे बस गल्लीच्या तोंडाशी येते, म्हणाले, दिवसभर खोकी मोजायची. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि आत गेली. मी कप तसाच ठेवून खळ्यावरचं सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत राहिले, मग म्हणाले, “म्हंजी भाऊ बी बरोबर, आन् त्या तारा बी बरोबर.”

“तुम्ही बरोबर होतात मिस्त्री. चुकले ती मी. परत या. चार लोकांत बोलले ते चार लोकांत मागं घेते. नारायणगाव-मंचरला फोन करून सांगते.”

“ते सोडा वहिनी. तुमच्या बोलन्यानं मी काम सोडलं न्हाई. दुसरीकडं मिळालं आसतं, जुन्नरातबी मिळत व्हतं.”

“मग?”

त्यांनी उजवा हात गुडघ्यावर उलटा-सुलटा केला. “मला म्हाईत व्हतं पंधरा पायजेत. म्हाईत आसून चौदा भरले. घरात अडचन व्हती, वाटलं, बाईच्या मनाइरुद्ध गेलो तर काम जाईल. चौदा झाले आन् पंधराव्याला दांडा आपसूक फिराया लागला, तर म्या त्यो हातानं धरून ठिवला. त्या मानसाचं टोमॅटो वाळलं. आता दांडा हातात घेतला की त्योच वेढा म्होरं येतो.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुमाला आसा कारागीर पायजे का?”

तीन वर्षं मी ज्याला शोधत होते तो हाच माणूस होता. एका वेढ्यासाठी ज्याची झोप उडते, असा. तेच मी म्हणाले, दोनदा म्हणाले. त्यांनी नकाराची मान हलवली. त्या मानेपुढं बोलायला तोंड हवं होतं, आणि माझं तोंड तर मी आधीच वापरून बसले होते.

मी दारात चपला घालत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “त्या तारा बघितल्या का?”

“कुठल्या?”

“त्याच, पंधरा. मशीनच्या ड्रॉवरात, मागल्या कोपऱ्यात ठिवल्यात. वाटलं, कवातरी मोजाल.”

बस उशिरा मिळाली. दुकान उघडलं तेव्हा दुपार कलली होती. ड्रॉवर दमटपणानं फुगला होता, दोन्ही हातांनी ओढून काढला. आत पांढऱ्या दोऱ्यात बांधलेल्या तारा होत्या, टोकाला हिरव्या पडलेल्या. दोन वर्षं त्या माझ्यापासून पाच पावलांवर होत्या. मी दोरा सोडला, पहिल्यांदाच ह्यांच्या स्टूलवर बसले आणि एकेक तार टेबलावर ठेवत मोजली, दीर मोजतात तशी. लाभ. एक. दोन. चौदा म्हटलं आणि हात रिकामा झाला.

वहीच्या पहिल्या पानावर आता मी ठळक लिहिलंय: ‘यात लाभ धरलेला नाही.’ वाचायला अजून कुणी आलेलं नाही. कागद काचेवर आहे.

‘लाभ’ मात्र त्या दिवसापासून ऐकू येत नाही. दुपारी दुकान शांत झालं की नुसता दांडा वाजतो. मी गल्ल्यावरून मोजते. चौदा फेरे होतात, आणि पंधराव्याला कुणीतरी दांडा हातानं धरून ठेवतं.