शेंदूर न लागलेला दगड

जरा फोनच्या जवळ सरकून बसा. हातातलं काम बाजूला ठेवा. लांबून बोलायचं तुमाला वळणच पडलंय. फोन करता आन विचारता, "आजी, तो दगड अजून घरातच हाय का?" घरातच हाय. त्याला काय पाय फुटलेत? तुमाला पाय असून तुमी येत न्हाई, त्याचं काय ते आधी सांगा.

बरं, ऐका. जवळा बाजारच्या रस्त्याला आमचं शेत. तिथली विहीर सासऱ्यानं खांदलेली. काठावर साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी. सात दगड, शेंदूर लावलेले. त्यांचा खण-नारळ मी कधी चुकवला न्हाई, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझ्यावर नास्तिकपणाचा आरोप येणार हाय.

मागल्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला, म्हणून पोरानं ती आणखी खोल घेतली. सुरुंग उडवले, यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, दगड वर ओढून काठावर टाकले. समदा माल शेतरस्त्यात भरायचा होता. त्यातला एक दगड मधोमध फुटलेला, परातीएवढा. बाहेरून आपला काळा खरबरीत. आत पोकळ, आन त्या पोकळीत पांढऱ्या कुसळांचे झुबके, मधीमधी मधाच्या रंगाचे, तिरक्या पैलूंचे खडे. मी पोराला म्हणलं, हा रस्त्यात न्हाई जायचा.

दगड घरी आणून कोनाड्यात ठेवला. त्याच दिवशी सांजच्याला विहिरीला झरा लागला. घोटाळा तिथूनच झाला; दगडात देवी हाय, तिनंच पाणी दिलं, असं गल्लीत बोलायला लागले.

हे असं कसं झालं असंल, ते मी नातीच्या भूगोलाच्या पुस्तकात वाचलं, मोबाइलवर बघितलं, उरलेलं माझ्या डोक्यानं जुळवलं. आपला हा काळा दगड एके काळी तापलेला रस होता. भुईच्या भेगांतून वर आला, पसरला, थिजला. थिजताना त्यात वाफ अडकली. धिरड्याला जाळी पडती ना, तशा पोकळ्या राहिल्या. मग त्यात पाणी झिरपत राहिलं. दगडातलं काहीबाही विरघळवून ते संगं आणायचं आन पोकळीत सोडायचं. अंघोळीच्या बंबाला आतून पांढरा थर धरतो, तसंच हे. बंबाला घाई असती. ह्याला घाई नव्हती, म्हणून थराच्या जागी पैलू धरले.

तर एकदा सून देवाची तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासत होती. दगड मातीनं मळलेला दिसला, म्हणून त्या मधाळ खड्यावर बी तिनं चिंचेचा कोळ चोळला. खड्यावर बारीक फेस आला. माझी थोरली जाऊ शेजारीच राहती; ती तवा तिथंच बसलेली.

"बघ," ती म्हणाली, "देवी कोपली. घरात डांबून ठेवलीस तिला."

सांजच्याला गल्लीतल्या दोघीतिघींना घेऊन ती आली. हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी. दगड न्यायचा, आसरांपाशी मांडायचा, शेंदूर माखायचा. एकदा का त्या कुसळांत शेंदूर शिरला, की तो जन्मात निघत न्हाई. मी कोनाड्याच्या आडवी उभी राहिले.

"तुला देवाधर्माचं काही हाय का न्हाई?"

"हाय ना. सात जणींचं समदं करते. ही आठवी कुठून काढली तुमी?"

"मग पाणी कुणी दिलं?"

"खाली होतं. खडक फुटला, लागलं."

"आन फेस? त्यो बी खालीच होता का?"

घरातून लिंबू घेतलं आन तिच्या ओट्यावर गेले. तिचा ओटा शहाबादी फरशीचा. त्यावर लिंबू पिळलं. समद्याजणी वाकल्या. फरशीवर बुडबुडे.

"घ्या बाई," मी म्हणलं, "तुमच्या ओट्यात बी देवी निघाली. लावा शेंदूर. उद्यापासून इथं पाय ठेवायचा न्हाई."

बाकीच्या पदर तोंडाशी धरून हसल्या. जाऊ हसली न्हाई. फरशी काय, तो खडा काय, दोन्हींत चुना. चुन्याला आंबट लागलं की फेस येतोच. कुसळाची गळून पडलेली चिमूट मी लिंबात टाकून बघितली होती, ती शांत राहिली. मधाळ खड्यावर खिळ्याचा ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत न्हाई. उलट गारगोटीच काचेवर ओरखडा काढती. त्या नादात पोराच्या जुन्या चष्म्याची काच गेली. तो अजून बोलून राहिला.

पण पोरगं बी मनातून चुलतीच्याच बाजूला. "आई," तो म्हणाला, "विहीर आटली तर शेंदूर मी लावीन. मग तू मधी पडू नको."

यंदा पाणी खाली चाललंय. जाऊ रोज भिंतीवरून सांगती, "आज आणखी एक पायरी उघडी पडली." चहूबाजूनं बोअर मारलेत, प्रत्येकाची मोटार हळदीला पाणी पाजून राहिली, आन दोष माझ्या दगडाला. पोराला मी सांगून टाकलंय: पार कोरडी पडली तरी मी मधी पडणार. त्यावर तो हसला न्हाई. मी बी हसले न्हाई.

दिवस कलला की ऊन कोनाड्यात येतं आन कुसळं पेटल्यासारखी दिसतात. नेमकी तवाच जाऊ विरजण मागायला येती. विरजण तिच्या घरी हाय. उभी राहती, बघती, वाटी घेऊन जाती.

म्हणून म्हणते, तुमी लवकर या. पाणी तळाला जायच्या आत या. दोनचार जणं येऊन नुसतं बघून गेली, की गावाला बी कळंल, हा बघायचा दगड हाय. मग शेंदराची वाटी घेऊन यायला कुणाचा हात धजणार न्हाई. लेकरांना बी आणा. ऊन कलायच्या आधी पोचा, चहा मी टाकते.