अव्वांनी राखलेलं श्रीरंगपट्टण

सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हूटगळ्ळीच्या बसमध्ये होते, आणि खरं सांगते, आधी डोळ्यांपुढे आला तो त्यांचा मातीचा किल्ला... रडू मागाहून आलं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन म्हैसूरला, देवराज मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी रंगारी घरात आले. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. दसऱ्यात पायऱ्यांवर बाहुल्या मांडणं इथे घरोघरी असतं, पण बाहुल्यांच्या पायथ्याशी म्हैसूरच्या जुन्या राजधानीचा, श्रीरंगपट्टणचा, मातीचा किल्ला फक्त आमच्याकडे! रंगाऱ्यांचा धंदा कधीच सुटला होता, तरी निळीत बुडवलेलं एक जुनं कापड कावेरी होऊन तटाला वळसा घाली. पलीकडे लाल डगल्यांची इंग्रज फौज. नवरात्रभर गल्लीतली पोरं ती पुढे पुढे सरकवत आणि अव्वा काही राजधानी पडू देत नसत.

माझा थोरला भाऊ पुण्यात इतिहासाचा प्राध्यापक. एकदा दसऱ्याला आला आणि त्याला राहवेना. वायव्येचा तट त्याने बोटाने ढासळला, लाल डगले सरळ आत घातले. "अव्वा, राजधानी पडली होती. इतिहास आहे हा."

पोरं हिरमुसली. अव्वांनी शांतपणे चष्मा पुसला. "अय्यो, ते तिकडे पडलं की. आमच्या घरात कशाला पाडता हो?" मग कुंकवाचा करंडा उघडून एकेका शिपायाच्या कपाळी बोट टेकवू लागल्या. "बाहुल्या बघायला आत आले म्हणजे पाहुणे झाले, अल्वा, हो की नाही? कूत्कोळ्ळी, बसा, बसा!" प्रत्येकापुढे उसळीचा एकेक हरभरा. आमच्या घरचं कुंकू लावून, खाऊन वर लढायचं म्हणजे फारच झालं! मी हसून हसून लोळले.

अव्वांना जाऊन वर्ष होईपर्यंत आमच्याकडे सण नाही. म्हणून शेजारच्या गौरम्मांनी यंदा किल्ला आपल्या घरी मांडून घेतला. दादाही मुद्दाम आला. पोरांनी या वेळी आपणच तट पाडला, मोठ्या भरवशाने, आणि माझ्याकडे बघत राहिली. करंड्याला हात लावायला मी काही धजेना. अव्वांची जागा मी कशी घेऊ... एवढ्यात दादा गुडघे सांभाळत खाली बसला. करंडा त्याने आपल्याकडे ओढला.

"इतिहास गेला चुलीत," तो पुटपुटला, आणि पहिल्या शिपायाच्या कपाळी कुंकू टेकवलं.