जरा अडखळत वाचा

"आज ताई वाचणार," आमच्या लाइनचे सुपरवायझर निखिल सर म्हणाले, आणि मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली.

चाकणच्या आमच्या कंपनीत सकाळी कामाला हात लावण्याआधी सगळे रांगा करून उभे राहतात. उजवा हात पुढे. एकजण सुरक्षेची शपथ मोठ्याने वाचतो, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. वाचणारा रोज बदलायचा, असा नियम. आमच्या लाइनवर तो बदलत नव्हता. रोज मीच.

कारण मला वाचता येत नाही. अक्षरं ओळखते, पण जोडाक्षर आलं की माझी गाडी बंद पडते. एका ओळीवरून खालच्या ओळीवर कधी घसरते ते मलाही कळत नाही. आठवीत शाळा सुटली ती त्यामुळेच. गुरुजी मला दगड म्हणायचे. मग घरचेही म्हणायला लागले.

सरांच्या हातात स्टॉपवॉच असायचं. आम्ही गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधतो. एक जुडगा बांधायला किती सेकंद लागतात, म्हणजे सायकल टाइम, तो मोजायचं ते घड्याळ. त्यावर ते माझं वाचन मोजायचे आणि प्रॉडक्शनच्या बोर्डवर लिहायचे, 'ताईंचा सायकल टाइम, चार मिनिटं दहा सेकंद.' साठ माणसं हसायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा, इंजिनिअर झालेला, आणि त्याला सकाळी सकाळी हा खेळ लागायचा.

मीसुद्धा हसायचे. ओठ ताणून, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी. ते आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

माझ्या शेजारी शबाना काम करते. ती देहूरोडची, आम्ही एकाच बसने येतो. तिने बसमध्ये रोज म्हणवून घेत शपथ माझ्याकडून पाठ करून घेतली. सरांच्या लक्षात यायला दोन महिने लागले. मग ते रोज नवा कागद आणायला लागले. कधी क्वालिटीची पॉलिसी, कधी आदल्या दिवशी बाद झालेल्या मालाचा रिजेक्शन रिपोर्ट. त्या रिपोर्टात माझा एकही पीस नसायचा. वायरचा रंग, तिची जागा, तिचं वळण मी एकदा पाहिलं की विसरत नाही. ते कोणी मोजलं नाही.

असं दोन वर्षं चाललं.

मग कंपनीत मानसिक आरोग्याचा आठवडा पाळला गेला. फुगे लावले, बॅनर लावले. एक डॉक्टरबाई आल्या. त्या साध्या भाषेत बोलल्या. सगळ्यांचे मेंदू सारखे चालत नाहीत. कोणाला आवाज सहन होत नाही, कोणाला एका जागी बसवत नाही, कोणाला वाचायला फार जड जातं. हा आळस नाही, वेड नाही, बुद्धीही कमी नसते. जन्मापासूनच तसं असतं. वाचायला जड जातं त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. नीट तपासणी केली की कळतं, आणि शिकवायची पद्धत बदलली की फरकही पडतो.

आनंद झाला असं कोणाला वाटेल. नाही. छत्तीस वर्षं मी दगड होते, आणि ते खोटं होतं. पुढच्या खुर्चीत निखिल सर बसले होते. टाळ्या वाजवत होते.

मी चूक केली. एचआरच्या मॅडमना जाऊन सांगितलं, "मॅडम, हे माझंच आहे. माझी तपासणी कुठं होईल?"

त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! ताई, आपण तुमचा व्हिडिओ करू. कंपनीच्या पेजवर टाकू."

"आणि तपासणी?"

"ती नंतर बघू."

मला नवा एप्रन दिला. कँटीनच्या कोपऱ्यात दिवे लावले. हातात कागद दिला, 'माझी कहाणी'. माझी कहाणी त्यांनीच लिहिली होती. तो कागद मला आदल्या दिवशीच मिळाला होता आणि शबानाने बसमध्ये चारदा वाचून दाखवला होता. "डर मत ताई, माझ्यामागं म्हण," म्हणत होती. मी घडाघडा म्हणून टाकला.

मॅडमनी कॅमेरा थांबवला.

"ताई, छान वाचताय. पण एवढं सफाईदार नको ना. जरा अडखळत वाचा. रोज वाचता तसं."

"मी रोज कशी वाचते ते तुम्हाला काय माहीत?"

मॅडमनी निखिल सरांकडे पाहिलं. सर हसले. "अहो ताई, माझ्या मोबाइलमध्ये आहेत ना तुमचे व्हिडिओ. ऑफिसात सगळ्यांनी बघितलेत."

सगळ्यांनी. म्हणजे या मॅडमनीही. बघितलं, हसल्या, आणि मग फुगे लावले. त्या एप्रनचा नवा वाससुद्धा सहन होईना. मी एप्रन काढून टेबलावर टाकला.

"नाही वाचणार मी."

"ताई, पर्मनंटच्या यादीत नाव आहे तुमचं," सर म्हणाले. "नीट विचार करा."

"खोडा."

त्यांनी खोडलं. लगेच, त्याच आठवड्यात. सहा वर्षांची कंत्राटी मी, कंत्राटीच राहिले. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "चार ओळी वाचायला काय झालं होतं?" त्या आठवड्याच्या सुट्टीला सरकारी दवाखान्यात जाऊन केस पेपर काढला. तपासणीची तारीख लांबची मिळाली आहे. मी जाणार आहे.

व्हिडिओला नाही म्हटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सरांनी पुन्हा माझ्यापुढे कागद धरला होता. मी हात पाठीमागे घेतले. "सर, मला वाचायला त्रास होतो, हे तुम्हाला माहीत आहे. आता मी वाचणार नाही." रांगेत दोघं-तिघं हसले, बाकीचे खाली बघत राहिले. शबाना पुढे झाली आणि तिने शपथ वाचली.

आता सर माझ्या वाटेला जात नाहीत. पण त्यांच्याकडेच असलेल्या बाजूच्या लाइनवर एक नवी मुलगी आली आहे. ती कागद बघून घाम पुसते, आणि सर तिच्याकडे बघायला लागलेत. ज्या सकाळी तिच्या हातात कागद देतील, त्या सकाळी मी रांग सोडणार आहे. तो कागद तिच्या हातातून घेणार आहे आणि साठ जणांसमोर फाडणार आहे. मग मला गेटबाहेर काढायचं तर काढा.